राजीनाम्यावर सही मागितली तर थांबा, आधी कागद कोणता ते बघा

विश्लेषण

गेल्या दोन महिन्यांत माझ्या व्हॉट्सॲपवर तीन कागदांचे फोटो आले. तिन्ही पाठवणारे आपल्याच भागातले आणि तिघांचा प्रश्नही एकच. "दादा, यावर सही करू का?"

पहिला कागद एमआयडीसीतल्या एका कंपनीतला. मजकूर छापील, फक्त नाव आणि टोकन नंबर लिहायला जागा मोकळी. "मी वैयक्तिक व कौटुंबिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे." पाठवणारा पोरगा त्या कंपनीत वेल्डिंगच्या लाइनवर अकरा वर्षं आठ महिने काम करतोय. त्याच्या घरात कसलंच कौटुंबिक कारण नाही. उलट घराचं कर्ज आहे, ठिबकचे हप्ते आहेत आणि पोरगी पाचवीला आहे.

दुसरा कागद एका साखर कारखान्यातल्या फिटरचा. कारखाना भाडेतत्त्वावर दुसऱ्याकडं चाललाय. जुन्या कारखान्याचा राजीनामा द्या, नव्या कंपनीच्या अर्जावर सही करा, सोमवारपासून तेच काम तिथंच करा, असं सांगितलेलं.

तिसरा कागद बदलीचा. इथलं एक खातं बंद करून ते काम गुजरातच्या प्लांटला नेणार. सात दिवसांत तिकडं हजर व्हा, नाहीतर गैरहजर धरू.

तिन्हीकडं साहेबांनी एकच शब्द वापरला, रिस्ट्रक्चरिंग. म्हणजे पुनर्रचना. शब्द ऐकायला चांगला आहे. पण कायद्याच्या पुस्तकात "पुनर्रचना झाली म्हणून नोकरी गेली" असा प्रकार नाही. कायद्याला माहीत आहेत ते वेगळे शब्द: राजीनामा, कपात, ले-ऑफ, बदली, स्वेच्छानिवृत्ती, कारखाना बंद, मालक किंवा व्यवस्थापन बदलणं. कामगाराला किती पैसे मिळणार, नोकरीवरचा हक्क राहणार की जाणार, हे त्या शब्दावर ठरतं. आणि तो शब्द ठरतो तुमच्या सहीनं. आजचा सगळा लेख एवढ्याच गोष्टीवर आहे.

कंपन्या हे का करतात

आधी दुसरी बाजू. पुनर्रचना करणारा प्रत्येक मालक लुच्चा असतो असं नाही. ऑर्डर कमी होते, एका मॉडेलचं उत्पादन थांबतं, जिथं आठ माणसं वेल्डिंग करायची तिथं रोबो येतो, दोन खाती एकत्र होतात. साखर कारखान्यांचं दुखणं आपल्याला माहीत आहे. कर्ज डोक्यावर, गाळप कमी, एफआरपी थकलेली, मग कारखाना भाड्यानं जातो नाहीतर विकला जातो. पांढरपेशी नोकरीही सुटलेली नाही. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएससारख्या कंपनीनं सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, म्हणजे तिच्या एकूण मनुष्यबळाच्या २ टक्के.

आपणही शेतात हेच करतो. गव्हाला हार्वेस्टर आल्यापासून सोंगणीला बायका लावत नाही. फरक एवढाच की आपल्या बांधावरच्या मजुराला कुणी भरपाई देत नाही. कारखान्याच्या बाबतीत मात्र कायद्यानं मालकावर जबाबदारी टाकलीय. यंत्र आणा, खातं बंद करा, पण माणूस कमी करताना त्याच्या वर्षांचा मोबदला द्या आणि ठरलेल्या पद्धतीनं द्या. ही जबाबदारी टाळायचा सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे कामगाराकडूनच राजीनामा लिहून घेणं.

कायदा बदललाय, पण पाया तोच आहे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा गेला आणि त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता २०२० आली. "आता नवीन कायदा आला, कंपनी कुणालाही कधीही काढू शकते," असं गावोगाव ऐकायला मिळतंय. ते खरं नाही. काय बदललं आणि काय राहिलं ते बघू.

बदललेली मोठी गोष्ट ही. पूर्वी १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कपात करायला किंवा टाळं लावायला सरकारची आधी परवानगी लागायची. आता ही अट ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तरच आहे. शिवाय अर्जावर सरकारनं ६० दिवसांत काही कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. हंगामी स्वरूपाच्या आस्थापनांना हा परवानगीचा भाग लागू होत नाही. म्हणजे मधल्या आकाराच्या, दीडशे-दोनशे कामगारांच्या कंपन्यांना कपात सोपी झाली, हे खरं आहे.

पण परवानगी लागत नाही म्हणजे पैसे द्यावे लागत नाहीत, असा अर्थ नाही. कपातीच्या मूळ अटी तशाच आहेत. ज्याची सलग एक वर्ष सेवा झालीय, म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस भरलेत, त्याला कमी करायचं तर:

• कारण लिहून एक महिन्याची नोटीस, नाहीतर महिन्याचा पगार. (३०० च्या वरच्या कारखान्यात हीच नोटीस तीन महिन्यांची.)
• सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर तेही वर्ष धरायचं.
• सरकारला कळवणं.
• त्या त्या कामाच्या वर्गात जो शेवटी लागला तो आधी कमी करणं. हा क्रम मोडला तर मालकानं कारण नोंदवायचं.
• कपातीनंतर वर्षभरात परत भरती निघाली तर कमी केलेल्यांना आधी संधी देणं.

नव्या संहितेत एक भर पडलीय, पण ती फार जणांना माहीत नाही. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागं मालकानं १५ दिवसांचा शेवटचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि कपातीपासून ४५ दिवसांत ते पैसे कामगाराच्या खात्यावर यायचे. नवं काम शिकता यावं म्हणून ही तरतूद आहे.

वेतन संहितेत आणखी एक कामाची गोष्ट. माणूस कमी केला, काढला, कारखाना बंद झाला किंवा त्यानं राजीनामा दिला, तरी राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यावा लागतो. "फुल अँड फायनल तीन महिन्यांनी बघू" हे आता चालत नाही.

पहिला कागद: एका सहीची किंमत

आता वेल्डिंगवाल्या पोराकडं येऊ. हिशोब सोपा व्हावा म्हणून त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १८,००० धरू. सेवा अकरा वर्षं आठ महिने, म्हणजे हिशोबाला बारा वर्षं.

त्यानं छापील राजीनाम्यावर सही केली तर त्याला मिळेल ग्रॅच्युइटी. तिचं सूत्र १५ भागिले २६ गुणिले शेवटचा पगार गुणिले वर्षं. म्हणजे साधारण १ लाख २४ हजार ६०० रुपये. सोबत राहिलेल्या रजेचे पैसे. पीएफ त्याचाच आहे, तो कुठल्याही परिस्थितीत त्याचाच राहतो.

तीच गोष्ट कंपनीनं रीतसर कपात म्हणून केली तर ग्रॅच्युइटी तर मिळेलच, आणि त्यावर:

• कपातीची भरपाई: १५ दिवसांचे ९,००० गुणिले १२, म्हणजे १,०८,०००
• नोटिशीचा एक महिना: १८,०००
• पुनर्कौशल्य निधी: ९,०००

वरची बेरीज १ लाख ३५ हजार. कंपनी ३०० कामगारांच्या वरची असेल तर नोटिशीचे तीन महिने धरून १ लाख ७१ हजार. "वैयक्तिक व कौटुंबिक कारणास्तव" या तीन-चार शब्दांची ही किंमत आहे. शिवाय भरती निघाल्यावर आधी संधी मिळण्याचा हक्क जातो तो वेगळाच. राजीनामा देणाऱ्याला तो हक्क नाही.

ईएसआयचंही तसंच आहे. नोकरी गेलेल्या विमाधारकाला अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत जास्तीत जास्त ९० दिवस सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम मिळते. ही योजना २०१८ ला सुरू झाली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवत नेलीय. पण ती अचानक बेरोजगार झालेल्यासाठी आहे. स्वखुशीनं नोकरी सोडली असं स्वतःच लिहून दिलं, की तिथंही अडचण होते.

एचआरवाले म्हणतात, "राजीनामा दिलास तर अनुभवाचा दाखला चांगला देऊ, नाहीतर रेकॉर्ड खराब होईल." कपात ही शिक्षा नाही. कपात झालेल्या माणसाच्या दाखल्यावर कसलाही डाग लागत नाही. त्याला अनुभवाचा दाखला तसाच मिळतो.

दुसरा कागद: कारखाना भाड्यानं गेला

हा प्रकार आपल्या जिल्ह्यांत सगळ्यात जास्त चालतो. साखर कारखाना, सूतगिरणी, दूध संघ. संचालक मंडळ ठराव करतं, बँक लिलाव करते, नाहीतर दहा-पंधरा वर्षांच्या भाड्यानं दुसरी कंपनी चालवायला घेते. बोर्ड बदलतो, कामगार तोच राहतो.

कायदा इथं दोनच रस्ते सांगतो. मालकी किंवा व्यवस्थापन दुसऱ्याकडं गेलं की जुन्या मालकानं कामगारांना कपातीसारखी नोटीस आणि भरपाई द्यायची. ती टाळायची असेल तर तीन गोष्टी एकदम पाहिजेत. एक, नोकरीत खंड पडता कामा नये. दोन, पगार आणि सेवाशर्ती आधीपेक्षा कमी नकोत. तीन, पुढं कधी कपात झाली तर जुनी वर्षं धरून भरपाई द्यायला नवा मालक बांधील पाहिजे.

तिसरी अट पुन्हा वाचा, कारण फसवणूक तिथंच होते. फिटरला सांगितलंय की जुन्या कारखान्याचा राजीनामा द्या आणि नव्या कंपनीत अर्ज करा. म्हणजे जुनी भरपाईही नाही आणि नव्याकडं जुनी वर्षंही नाहीत. वीस वर्षांचा फिटर सोमवारी सकाळी शून्य वर्षांचा होतो.

त्याच वेळी एक कडू गोष्टही सांगायला पाहिजे. साठच्या दशकात आंध्रातल्या अनकापल्लीच्या साखर कारखान्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तिथं खासगी कारखाना सहकारी संस्थेनं विकत घेतला होता आणि काही कामगारांना नवीन मालकानं घेतलं नाही. न्यायालयानं सांगितलं की कामगारांना जुन्या मालकाकडून भरपाई मिळेल, पण नवीन मालकानं कामावर घेतलंच पाहिजे असा हक्क सोबत मिळणार नाही. म्हणजे भरपाई पक्की आहे, नोकरी पक्की नाही. युनियनच्या सभेत कुणी "एकही माणूस कमी होऊ देणार नाही" म्हणालं, तर त्याला कायद्यानं नव्हे, भाडेकरारात लिहून घ्यावं लागेल.

आणि जुना कारखाना कंगाल असतो, तो भरपाई देणार कुठून? म्हणून भाडेकरार होण्याआधी त्यात काय लिहितात ते बघणं महत्त्वाचं. कामगारांची थकीत देणी, पीएफ, ग्रॅच्युइटी कोण देणार? किती जणांना घेणार? जुनी सेवा धरणार का? हंगामी कामगारांची यादी तीच राहणार का, त्यांचा रिटेन्शन भत्ता कोण देणार?

इथं खेड्यातल्या कामगाराकडं एक हत्यार आहे, जे चाकणच्या कामगाराकडं नाही. सहकारी कारखान्यातल्या बहुतेक कामगारांच्या घरात कुणीतरी ऊस उत्पादक सभासद असतोच. बाप, भाऊ, सासरा. सभासद म्हणून सर्वसाधारण सभेत उभं राहून हे प्रश्न विचारता येतात आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवा म्हणता येतं. पण आपण त्या सभेला जातो, जेवतो आणि "मंजूर, मंजूर" म्हणून घरी येतो.

तिसरा कागद: बदली

बदलीचा कागद दिसायला सगळ्यात साधा, पण गोत्यात आणणारा. नेमणूक पत्रात "कंपनीच्या कुठल्याही प्लांटला बदली होऊ शकते" असं कलम बहुधा असतंच. ते असेल तर बदली सरळ नाकारता येत नाही. आणि कामगार काय करतो? चिडतो, "जात नाही, बघू काय करतात ते" म्हणतो आणि घरी बसतो. कंपनीला तेच पाहिजे असतं. दहा दिवसांनी गैरहजेरीची नोटीस, मग चौकशी, मग बडतर्फी. बडतर्फी ही शिक्षा असल्यामुळं कपातीची भरपाई नाही.

म्हणून गप्प बसायचं नाही. लेखी उत्तर द्यायचं. माझं खातं बंद होतंय, घरची अशी परिस्थिती आहे, इथंच दुसरं काम द्या, नसेल तर मला रीतसर कपात म्हणून कमी करा. युनियन असेल तर तिच्यामार्फत कामगार अधिकाऱ्याकडं तक्रार करायची. हजर व्हावंच लागलं तर "माझा आक्षेप कायम ठेवून हजर होत आहे" असं लिहून व्हायचं.

दुसरी गोष्ट, ज्या पुनर्रचनेतून कपात होऊ शकते, अशी यंत्रसामग्री किंवा कामाची पद्धत बदलताना मालकानं कामगारांना २१ दिवस आधी बदलाची नोटीस द्यायची असते. तुमच्या खात्यात अशी नोटीस लागली होती का, हे पहिल्यांदा विचारा.

आणखी दोन कागद: ले-ऑफ आणि व्हीआरएस

ले-ऑफ म्हणजे नोकरी गेली नाही. काम नाही, कच्चा माल नाही, वीज नाही म्हणून काही दिवस घरी बसवणं. ५० किंवा जास्त कामगारांच्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात वर्षभर काम केलेल्याला या दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता निम्मा मिळतो. या काळात गेटवर हजेरी लावायला सांगितली असेल तर लावा. ती चुकली की भरपाई जाते.

व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. हा प्रकार चांगलाही असू शकतो. बीएसएनएलनं २०१९ च्या शेवटी योजना काढली, तेव्हा ५० च्या वरच्यांना झालेल्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा आणि राहिलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा पगार देऊ केला होता. ७८ हजारांहून जास्त कर्मचारी ३१ जानेवारी २०२० ला एका दिवसात बाहेर पडले. कायद्यातली कपातीची भरपाई वर्षाला १५ दिवसांची आहे, हे लक्षात ठेवा. तुमच्या कंपनीची व्हीआरएस त्याच्या आसपास किंवा खाली असेल, तर ती योजना नाही, सवलतीत केलेली कपात आहे. आणि व्हीआरएस घेतली की कपातीचे हक्क संपतात. म्हणून आकडा लेखी घ्या, घरी आणा, पोराला कॅल्क्युलेटर लावायला सांगा, मग ठरवा.

हे सगळं कुणाला लागू होत नाही

फोन करणाऱ्यांत निम्मे जण असे निघतात की त्यांना वरचे हक्क लागूच नसतात. तेही स्पष्ट सांगतो.

अप्रेंटिस कायद्यानं कामगार नाही. मुदतीच्या करारावर घेतलेल्याचा करार संपला तर ती कपात धरत नाहीत. मात्र नव्या संहितेत अशा मुदतीच्या कामगाराला एक वर्षावर ग्रॅच्युइटी लागू झालीय, पूर्वीसारखी पाच वर्षांची वाट नाही. ती मागा.

सुपरवायझरचं काम आणि पगार १८ हजारांच्या वर असेल, तर तो कपातीच्या कायद्यात कामगार धरत नाहीत. म्हणून पुनर्रचनेच्या आधी चार महिने एखाद्याला अचानक "टीम लीडर" केलं, तर पेढे वाटायच्या आधी जरा विचार करा. अशा वेळी नावाच्या पाटीपेक्षा प्रत्यक्ष काम काय करता ते महत्त्वाचं ठरतं. हातात वेल्डिंगची गन असेल तर त्याचा पुरावा ठेवा, उत्पादनाच्या शीटवरचं नाव, शिफ्टचा फोटो, काहीही.

कंत्राटी कामगाराची गोष्ट सगळ्यात वाईट. दर दोन वर्षांनी कंत्राटदार बदलतो आणि सेवा परत शून्यावर येते. पीएफचं यूएएन पासबुक उघडून बघा. कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, कुणाच्या नावानं पैसे जमा झाले, ते तिथं दिसतं. तुमच्या सेवेचा दुसरा पुरावा बहुतेक वेळा नसतोच. पगार बुडवून कंत्राटदार पळाला तर मूळ कंपनीची जबाबदारी राहते, हेही लक्षात असू द्या.

माझी स्वतःची सही

हे सगळं मी आज शहाणपणानं सांगतोय, पण मी स्वतः सही केलेला माणूस आहे.

बारावी झाल्यावर मी एका सूतगिरणीत लागलो. रिंगफ्रेम खात्यात सात वर्षं काढली. मग गिरणी चालवायला दुसऱ्याकडं गेली. एका दुपारी आम्हाला ऑफिसात दहा-दहाच्या गटानं बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक जुन्याचा राजीनामा, एक नव्याचा अर्ज. "नुसती फॉर्मॅलिटी आहे, उद्या याच मशीनवर यायचंय." बाहेर पुढचे दहा उभे. मी दोन मिनिटांत दोन्ही सह्या करून चहा प्यायला आलो.

आठ महिन्यांनी नव्या मॅनेजमेंटनं तिसरी पाळी बंद केली. माझं नाव यादीत होतं. भरपाई विचारली तर म्हणाले, तुमची सेवा आठ महिने, वर्ष भरलेलं नाही. सात वर्षं मीच लिहून दिली होती. हातात ग्रॅच्युइटीचे थोडे पैसे आले, ते मी बोअरमध्ये घातले. पाणी साडेतीनशे फुटांवर लागलं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात गेलं.

आमच्या खात्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसानं मात्र सही केली नव्हती. "मला हे लेखी द्या, जुनी वर्षं धरणार म्हणून," एवढंच तो म्हणत राहिला. त्याला त्याच दिवशी गेटबाहेर काढलं. दोन वर्षं तो एसटीनं कामगार कार्यालयाच्या चकरा मारत होता, आम्ही त्याला हसायचो. शेवटी तडजोड होऊन त्याला सतरा वर्षांचे पैसे मिळाले. पूर्ण मिळाले नाहीत, पण मिळाले. त्या दोन वर्षांत त्याच्या बायकोनं दुसऱ्याच्या रानात खुरपलं, हेही मी पाहिलंय. म्हणून "सही करू नका" असं मी कुणाला सहज सांगत नाही. सही न करण्यालाही खर्च आहे. तो पेलणार का, हे घरात बसून ठरवावं लागतं. पण कशावर सही करतोय ते माहीत नसताना ती करू नये, एवढं मी नक्की सांगतो.

तर मग करायचं काय

कंपनीत कुजबुज सुरू झाली, जुनी मशीन मोजायला माणसं यायला लागली, ओव्हरटाइम बंद झाला, की हे करा.

कागद गोळा करा. नेमणूक पत्र, कायम केल्याचं पत्र, शेवटच्या बारा महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, ओळखपत्र, पीएफ पासबुक. सगळ्याचे फोटो काढून बायकोच्या किंवा भावाच्या मोबाईलवर पाठवा. कंपनीचा ॲप शेवटच्या दिवशी बंद होतो, मग पगारचिठ्ठी मिळत नाही.

त्याच बैठकीत सही करू नका. "वाचून उद्या देतो" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. प्रत मागा. प्रत देत नसतील तर तेच संशयाचं कारण आहे. दमदाटी करून सही घेतलीच, तर त्याच दिवशी ईमेलनं किंवा रजिस्टर पोस्टानं कंपनीला आणि कामगार कार्यालयाला कळवा की राजीनामा माझ्या इच्छेनं दिलेला नाही. आठ दिवसांनी कळवलं तर त्याला वजन राहत नाही.

चिडून काम बंद पाडू नका. नव्या संहितेत संपाला १४ दिवसांची नोटीस लागते. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एका दिवशी रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. बेकायदा संपाचा ठपका बसला की कंपनीचं काम सोपं होतं.

सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथं समेट झाला नाही तर अर्जापासून ४५ दिवसांनी कामगार स्वतः न्यायाधिकरणाकडं जाऊ शकतो. पण कमी केल्यापासून दोन वर्षांच्या आत. पूर्वी ही मुदत तीन वर्षं होती. "बघू, साहेब बोलावणार म्हणाले" म्हणत बसलं तर मुदत निघून जाते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून मागं राहू नका. औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच आहे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज चालतो.

पीएफ लगेच काढून मोकळे होऊ नका. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. आठ वर्षं झालेल्यानं पेन्शनचे पैसेही काढून घेतले तर ती आठ वर्षं गेली. नवी नोकरी लागली की जुनं खातं त्यात जोडा.

आणि आलेले पैसे. माझा बोअर वर सांगितलाच. भरपाई म्हणजे पुढचा पगार सुरू होईपर्यंतचा किराणा, हप्ता आणि फी. आधी सहा महिन्यांचं बाजूला काढा, मग ट्रॅक्टरचं बघा.

जाता जाता

फिटर आणि त्याचे चाळीसेक सहकारी येत्या सभेत सभासदांकरवी भाडेकरार वाचून दाखवायची मागणी करणार आहेत. सभेला मी जाणार आहे, काय झालं ते इथंच लिहीन. बदलीवाल्यानं लेखी उत्तर दिलंय, त्याची पोच त्याच्याकडं आहे.

वेल्डिंगवाल्या पोरानं अजून सही केलेली नाही. परवा त्याला तिसऱ्यांदा बोलावलं होतं. या वेळी त्यानं एवढंच विचारलं, "साहेब, कौटुंबिक कारण कुठलं लिहू? आणि कपात म्हणून पत्र दिलं तर किती बसतात, तो आकडा द्या." साहेबांनी उत्तर दिलं नाही, पण छापील कागद परत फाइलमध्ये ठेवला. नोकरी राहील असं त्याला वाटत नाही, मलाही वाटत नाही. पण जायचीच असेल तर तिनं बारा वर्षांचा हिशोब देऊन जावं, यासाठी तो थांबलाय.